दारापुढची कर्दळ

११ एप्रिल

भिंगरी,

पत्राच्या वरती चिरंजीव, अनेक आशीर्वाद वगैरे लिहितात. मी ते गाळलंय. बावीस वर्षांनी एकदम आशीर्वाद आले तर तू म्हणशील, म्हातारीला काहीतरी हवंय. मला काही नकोय. बिया पाठवतेय.

पुडीत नऊ बिया आहेत, काळ्या, छर्‍यांसारख्या. कर्दळीच्या. आपल्याकडे आता तीन रंग झालेत, तांबडी, पिवळी आणि पिवळीवर तांबडे ठिपके असलेली, गोवर आल्यासारखी. बीतून कुठला रंग निघेल ते सांगता येत नाही. आईबापाचाच निघतो असं नाही.

पत्ता शेजारच्या शिंपीणबाईंनी दिला. तू सात वर्षं त्यांना पत्रं लिहितेस आणि मला ते आता कळतंय. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" तर तोंडातली सुई न काढता म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर गल्लीभर सांगत होतात, मला एकच मुलगा." त्यांच्या तोंडात सुई असते तेव्हा वाद घालू नये.

घरी सगळे बरे आहेत. तुझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. सूनबाई चष्म्याच्या दुकानात असते. त्यांना एक मुलगी आहे, आठ वर्षांची, फार प्रश्न विचारते. मी इस्पितळाची धुलाई सोडून सहा वर्षं झाली. दिवसभर बागेत असते.

माझी शाळा तिसरीपर्यंत, तुला माहीतच आहे. अक्षराला हसू नकोस. उत्तराची घाई नाही.

तुझी आई (नको असेल तर खोडून टाक)


२२ एप्रिल

भिंगरी,

उत्तर आलं नाही. घाई नाही असं मीच लिहिलं होतं, पण ते लिहायची पद्धत असते म्हणून.

मागच्या पत्रात लिहिलं की मी दिवसभर बागेत असते. ते खरं आहे. का असते ते लिहिलं नव्हतं. सकाळी आठला सगळे बाहेर पडतात आणि तुझा भाऊ पुढच्या फाटकाला बाहेरून कुलूप लावतो. संध्याकाळी सहाला काढतो. घराचं दार उघडं असतं, बाग मोकळी असते, फक्त फाटक बंद. सूनबाई गॅसचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये घालून नेते. माझ्यासाठी थर्मासमध्ये चहा ठेवते, दोन कप, मोजून. वाईट नाहीये ती. मी एकदा दूध गॅसवर ठेवून बागेत गेले आणि पातेलं जळून काळं झालं, ते खरं आहे. पण फाटकाचं कारण ते नाही.

दिवसभर हा मुलगा लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना बाहेर काढतो. आणि सकाळी निघताना आईला कुलूप घालतो. हे मी त्याला तोंडावर बोलले. तो म्हणाला, "आई, तुझ्या भल्यासाठीच आहे."

हे वाक्य त्यानं कुठून उचललं ते तुला सांगायला नको.

फेब्रुवारीत डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर पोरसवदा, त्याच्या टेबलावर प्लास्टिकचा मेंदू. मला म्हणाला, "आजी, घड्याळ काढून दाखवा." मी आयुष्यात पेन्सिलीनं फक्त चादरींवर नंबर टाकले, मी घड्याळ काय काढणार? टरबूज झालं त्याचं. मग म्हणाला, "तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. लिंबू, छत्री, कात्री." थोड्या वेळानं विचारलं तर मी फक्त लिंबू म्हटलं. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि तुझ्या भावाकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जणू खोलीतच नाही.

काल आमची नात फाटकाच्या गजांतून बाहेर बघत म्हणाली, "आजी, तुला शिक्षा झालीये का?"

मी म्हटलं, "हो."

"कशाबद्दल?"

"तू गृहपाठ कर."

कर्दळीवर अळी पडलीये. ही अळी पान स्वतःभोवती गुंडाळून घेते, कडा शिवून टाकते आणि आत बसून खाते. मी रोज चाळीसेक पानं उलगडते आणि नखानं चिरडते. शिंपीणबाई भिंतीपलीकडून विचारतात, "आज किती?" मी आकडा सांगते. एवढंच संभाषण असलं तरी दिवस जातो.

आई


६ मे

भिंगरी,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. "बिया उगवल्या नाहीत." नाव नाही, तारीख नाही. शिंपीणबाईंनी ते भिंतीवरून दिलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी तीन वेळा वाचलं. त्या म्हणाल्या, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "भांडतेय." त्या म्हणाल्या, "बरंय मग."

म्हणजे तू त्या पेरल्यास. फेकल्या नाहीस.

चूक माझी. सांगायचं राहिलं. कर्दळीचं बी नुसतं मातीत टाकून उगवत नाही. साल इतकी टणक असते की पाणी आत शिरत नाही, वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, सडतही नाही. कानस घे, नाहीतर खरखरीत दगड. एका बाजूनं घास. काळं जाऊन आतलं पांढरं दिसलं की थांब. जास्त घासलंस तर मरेल. मग कोमट पाण्यात एक दिवस ठेव. ज्या फुगतील त्या लाव, बोटाच्या एका पेराइतक्या खोल. ज्या तरंगतील त्या टाक. पेरलेल्या नऊ उकरून काढ, काही बिघडलं नसेल.

आता तू सरळ लिहितेस तर मीही लिहिते.

डॉक्टरला मी छत्री आणि कात्री मुद्दाम सांगितली नाही. दोन्ही आठवत होत्या. अजून आठवतंय.

झालं असं. जानेवारीत शिंपीणबाईंकडे ब्लाउज टाकायला गेले होते. त्यांच्या मशीनवर एक फोटो होता, बाई आणि मुलगी, मुलगी तेरा-चौदाची. ती मुलगी डावा खांदा खाली टाकून उभी होती, तुझ्यासारखी. मी काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही. पण फोटोच्या मागे शिक्का होता, स्टुडिओचा, गावाच्या नावासकट. मी पाहिलं आणि ब्लाउजचं माप चुकीचं देऊन घरी आले.

दुसर्‍या दिवशी कोणाला न सांगता बसस्टँडवर गेले. सव्वाआठची गाडी होती. ती आली, उभी राहिली, गेली. मग अकराची. मग दोनची. मी बाकावर बसलेली. गाडी समोर उभी राहायची, दार उघडायचं, आणि माझा पाय उचलला जायचा नाही. गुडघे दुखत नव्हते. चारच्या सुमाराला तिथला पहारेकरी आला. म्हणाला, "आजी, सकाळपासून बसलाय. कुठं जायचंय?"

मुलीकडे, असं म्हणायचं होतं. पण बावीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मला मुलगी नाही. आणि हा पहारेकरी तुझ्या भावाच्या ओळखीचा, स्टँडची लिफ्ट तुझा भाऊच बघतो. माझ्या तोंडून निघालं, "घर विसरले."

त्यानं तुझ्या भावाला फोन केला. तो कामाच्या कपड्यांतच धावत आला. मला धरून गाडीत बसवलं, पट्टा लावला, लहान मुलाला लावतात तसा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण घर विसरलेली म्हातारी असणं सोपं वाटलं, मुलगी टाकलेली असण्यापेक्षा. पुढचं तुला कळलंच. डॉक्टर, मेंदू, कुलूप.

म्हणजे कुलूप माझंच. किल्ली फक्त त्याच्याकडे.

आई


१३ मे

भिंगरी,

किती उगवल्या ते कळवलं नाहीस. एक आठवडा काहीच नाही, समजू शकते, बीला वेळ लागतो.

इथं घाई झालीये. तुझा भाऊ म्हणाला, येत्या रविवारी गवंडी येणार. मागचं दार विटांनी बुजवायचं. म्हणाला, "ते कुजलंय, कोणीही ढकलून आत येईल." खरं म्हणजे कोणी आत येईल याची त्याला भीती नाही.

मागचं दार म्हणजे बागेच्या मागच्या भिंतीतलं, तेच. तू ज्यातून गेलीस.

तुला वाटत असेल, मी त्याकडे बघत तरी असेन. नाही बघत. तू गेल्यावर आठव्या दिवशी मी त्याच्यापुढे कर्दळ लावली. इस्पितळाच्या धुलाईमागच्या गटारीकाठी माजली होती, तिथून पिशवीभर गड्डे आणले. म्हटलं, दार दिसायला नको. मोरीचं पाणी तिकडेच जातं, त्यावर कर्दळ फोफावते. वर्षात पुरुषभर उंच झाली. दार दिसेनासं झालं. लोक म्हणायचे, काय सुरेख फुलं! मी म्हणायचे, हो.

आता गड्डे एकमेकांवर चढलेत, दाराच्या फळीवर आतून रेटा देतात. दार आत, बागेकडे उघडतं. म्हणजे कडी काढली तरी कर्दळ ते हलू देत नाही. हे मला परवा कळलं, मी कडी काढून बघितली तेव्हा. मीच लावलेल्या कर्दळीमुळे घरात कोणालाही ते उघडता आलं नसतं आणि आता मलाही येत नाहीये. बघ म्हणजे.

सूनबाईला सांगितलं, कर्दळ फार दाट झालीये, गड्डे सुटे केले नाहीत तर फुलणार नाही. ते खोटं नाही. ती म्हणाली, "आई, उन्हात फार वेळ बसू नका." मी रोज थोडं खणतेय. खुरपं चालत नाही, त्यांच्या जाडीला पहार लागते. पहार सूनबाईनं उचलून माळ्यावर ठेवली, म्हणून जुन्या इस्त्रीतले निखारे हलवायची सळई वापरते. दिवसाला वीतभर होतं. रविवारला चार दिवस आहेत.

खणताना तोंड बंद असतं आणि डोकं चालू असतं, म्हणून हेही लिहिते. त्या वेळी मी तुला मागच्या खोलीत अकरा दिवस कोंडलं. तो पाट्या रंगवणारा मुलगा वाईट नव्हता. मला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं की त्याच्या नखांत रंग असतो. मला भीती वाटली की तू जाशील, म्हणून तुला कोंडलं, आणि म्हणून तू गेलीस. मी सकाळी कामावर जायचे तेव्हा किल्ली तुझ्या भावाच्या गळ्यात घालून जायचे, निळ्या नायलॉनच्या दोरीत. चौदा वर्षांचा होता. त्याला सांगायचे, "उघडायचं नाही. तिच्या भल्यासाठीच आहे."

माफ कर असं लिहिणार नाहीये. ते पत्रात लिहिणं फार स्वस्त पडतं. तोंडावर म्हणेन, दारापर्यंत पोचले तर.

आई


१६ मे, शनिवार

भिंगरी,

दार अर्धा हात उघडलं. मी त्यातून जाईन एवढं नाही, माझी मांजर गेली असती, पण मी मांजर पाळत नाही.

दुसरंच लिहायचंय. हातभर खाली सळई कशाला तरी ठणकन लागली. वाटलं दगड. काढला तर पत्र्याची कंपासपेटी, गंजलेली, तुझ्या भावाची. ती शाळेत हरवली म्हणून मी त्याला एक दिवस उपाशी ठेवला होता. झाकण सळईनं फोडलं. आत अर्धी फूटपट्टी आणि मागच्या खोलीची किल्ली. निळी दोरी जशीच्या तशी.

मी मातीतच बसले.

त्या दिवशी मी घरी आले तर खोली उघडी, तू नाहीस, आणि हा पायरीवर बसलेला. म्हणाला, "ताईनं किल्ली हिसकावून नेली." मी त्याला भिजलेल्या दोरीनं मारलं, आधी पाठीवर, मग जिथं लागेल तिथं. तो रडला नाही. मला वाटलं, निर्ढावलाय.

आणि आठ दिवसांनी तिथं कर्दळ लावताना माती भुसभुशीत लागली होती. मी म्हटलं होतं, बरं झालं, खणायला सोपं. वीतभर खणून गड्डे लावले आणि त्याच्या पेटीवर माती ओढली.

तुला हे माहीतच होतं. तू उघडणार्‍याचा चेहरा पाहिला असशील. मलाच माहीत नव्हतं. बावीस वर्षं मला वाटत होतं की या घरात तुझं नाव काढलं तर त्याला राग येईल. आणि त्याला वाटत असणार की मला येईल.

पेटी चहाच्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवलीये. उद्या गवंडी.

आई


१९ मे

भिंगरी,

सावकाश सांगते, नाहीतर उलटंसुलटं होईल.

रविवारी सकाळी जेवायच्या टेबलावर मी ती किल्ली त्याच्या बशीजवळ ठेवली. त्यानं हातातला कप खाली ठेवला. सूनबाई म्हणाली, "हे काय?" नात म्हणाली, "ई, गंज!"

तो किल्लीकडे बघत म्हणाला, "सापडली तुला."

मी म्हटलं, "तूच उघडलंस."

"हो."

"मग मार का खाल्लास?"

"तू विचारलंच नाहीस, आई. आल्या आल्या मारायलाच लागलीस."

तुला माहीत आहे, अडले की मी दुसरंच काहीतरी काढते. मी म्हटलं, "लिंबू, छत्री, कात्री."

सूनबाई घाबरली. तिला वाटलं, आता खरंच गेलं डोकं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

"मी घर विसरले नव्हते," मी म्हटलं. "मी ताईकडे निघाले होते. गाडीत चढता आलं नाही, म्हणून खोटं बोलले."

मग त्यानं विचारलं ते भलतंच. म्हणाला, "तीन गाड्या सोडल्यास?"

"तीन."

"मी पाच सोडल्या होत्या," तो म्हणाला. "लग्नाच्या आधी. ताईला पत्रिका द्यायला. गाव ती जाताना सांगून गेली होती."

मग तो हसायला लागला. माझा मुलगा शेवटचा कधी असा हसला ते मला सांगता येणार नाही, आणि माझी आठवण चांगली आहे, हे आता सिद्ध झालंय. सूनबाई मात्र हसली नाही. म्हणाली, "आणि गॅसवरचं दूध? तेही नाटक होतं?"

मी म्हटलं, "ते खरंच विसरले होते."

"मग रेग्युलेटर माझ्या पर्समध्येच राहील."

मला ही मुलगी आवडायला लागलीये.

गवंडी आला तेव्हा त्याला विटा परत न्यायला सांगितल्या आणि दाराची खालची फळी बदलून घेतली. उरलेले गड्डे तुझ्या भावानं उपसले. एका खेपेत, पहारीनं, मी चार दिवस सळईनं जेवढं केलं त्याच्या दुप्पट. वर मलाच म्हणाला, "आई, किती ग घट्ट लावलंस हे."

पुढच्या फाटकाची दुसरी किल्ली त्यानं करून आणली. ती त्या निळ्या दोरीत ओवली आणि माझ्या गळ्यात घातली. गाठ दोनदा तपासली.

आता खरं सांगते. दोन दिवस ती किल्ली माझ्या गळ्यात आहे. मी फाटकापर्यंत चार वेळा गेले. कुलूप काढलं, परत लावलं. शिंपीणबाईंनी भिंतीवरून विचारलं, "जाताय ना?" मी म्हटलं, "गड्ड्यांची माती झटकायचीये." त्या म्हणाल्या, "झटका मग." बाहेरून कुलूप असतं तेव्हा सगळा दोष लावणार्‍याचा. किल्ली हातात आली की तशी सोय राहत नाही.

तुझा भाऊ म्हणतो, गाडीनं सोडतो, मीही येतो. मी नाही म्हटलं. त्याच्या पाच गाड्या त्यानं स्वतः पकडाव्यात. मला बसस्टँडपर्यंत सोडेल, बाकावर बसवेल आणि मागे वळून न बघता जाईल, असं कबूल करून घेतलंय. गुरुवार, सव्वाआठची. ती चुकली तर अकराची. दोनची नाही. दोनची सोडली तर मी मलाच डॉक्टरकडे नेईन.

हे पत्र माझ्याआधी पोचेल असं शिंपीणबाई म्हणतात. नाही पोचलं तर मी आधी पोचेन आणि तू बघशीलच, बाहेर एक म्हातारी, हातात पोतं.

पोत्यात गड्डे आहेत, ओल्या गोणपाटात बांधलेले. प्रत्येकाला दोन तरी डोळे ठेवलेत, कोंब फुटायला. दार उघडलं नाहीस तरी चालेल. मी हाक मारीन, थोडा वेळ थांबेन, गड्डे पायरीवर ठेवून परतीच्या गाडीला जाईन. बसणं मला जमतं, तू ऐकलंसच. पण ते वाळू देऊ नकोस. ऊन असेल तिथं लाव, सांडपाणी जातं त्या बाजूला. वीतभर खाली, हातभर अंतर सोडून. फुलं संपलेला दांडा मुळाशी काप, दया करू नकोस, शेजारून नवा येतो.

आणि दारापुढे लावू नकोस. कुठल्याही दारापुढे.

आई